गुप्तरोगातला ‘गुप्त’ खोडणारा माणूस

दापोली तालुक्यातले मुरूड आज ओळखले जाते ते किनाऱ्यासाठी आणि सुट्टीतल्या गर्दीसाठी. जंजिऱ्याच्या मुरूडशी त्याची गल्लत नको. हे रत्नागिरी जिल्ह्यातले, हर्णैच्या शेजारचे. या गावाशी दोन कर्व्यांची नावे जोडलेली आहेत. थोरले महर्षी धोंडो केशव कर्वे शाळेच्या पुस्तकात आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचे नाव मात्र बऱ्याच घरांत मुलांसमोर घ्यायचे नसते असा अलिखित नियम होता. संततिनियमन या एका शब्दात त्यांना गुंडाळून टाकायची आपल्याला सवय आहे. त्यांनी आयुष्यभर मांडलेला दुसरा हिशेब, लैंगिक संसर्गापासून बचावाचा, फारसा कुणाला आठवत नाही. आणि आज साठी ओलांडलेल्यांना सर्वांत जास्त उपयोग आहे तो त्याच हिशेबाचा.

रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७९ मध्ये, जर्मनीत अल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला होता. गरमीचा, म्हणजे उपदंशाचा, जंतू अजून कुणी पाहिलेला नव्हता. हे रोग पापाचे फळ समजले जात, आणि औषध म्हणून पाऱ्याची मलमे चोळली जात. रोगाने माणूस हळूहळू मरे आणि पाऱ्याने त्याचे दात पडत. रघुनाथरावांच्या ७१ वर्षांच्या आयुष्यात हे सारे चित्र पालटले. जंतू सापडले, रक्ताची तपासणी आली, शेवटी खात्रीचे औषधही आले. पालटली नाही ती फक्त कुजबुज.

कुजबुज आणि बहिष्कार म्हणजे काय हे या मुलाला फार लवकर कळले. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. वडील पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. सख्ख्या माणसांनाही त्यांच्या पंगतीला बसण्याची चोरी झाली. रघुनाथ तेव्हा ११ वर्षांचे होते. वडिलांनी पुढे हळूहळू लोकांची मने वळवून घेतली. मुलाने मात्र लोकांची मने वळवण्याच्या खटपटीत कधी फारसे लक्ष घातले नाही, आणि त्याची किंमतही भरपूर मोजली.

हुशारीत कमी नव्हते. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, फर्ग्युसनमधून पदवीधर झाले आणि गणिताचे प्राध्यापक झाले. लग्न मालतीबाईंशी झाले. मूल होऊ द्यायचे नाही असे या जोडप्याने ठरवले आणि ते पाळलेही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या महाराष्ट्रात असा निर्णय घेणारे आणि तो लपवून न ठेवणारे दुसरे घर शोधून सापडणे कठीण.

१९१९ च्या सुमारास उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. गेले गणितासाठी, पण परतताना डोक्यात दुसराही विषय पक्का झालेला होता. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. युद्धात सैन्यांना बंदुकीच्या गोळीइतकीच गरमी-परम्याची धास्ती होती, कारण या रोगांनी हजारो सैनिक खाटेला खिळून राहत. त्यामुळे युरोपात या रोगांची चर्चा देवळातून दवाखान्यात आली होती. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी बर्लिनमध्ये गरमीचा मळसूत्रासारखा जंतू शोधला होता. पुढच्याच वर्षी वासरमन यांची रक्ततपासणी आली. खुद्द पॅरिसमधल्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ आणि रू यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवले होते की संसर्गानंतर लगेच पाऱ्याचे एक विशिष्ट मलम लावले तर रोग टळू शकतो. १९१० मध्ये एर्लिश यांचे साल्व्हरसान हे सोमलापासून बनवलेले औषध बाजारात आले. रोग जंतूंमुळे होतो, आणि जंतूला वाट अडवून थोपवता येते. गणिताच्या माणसाला यापेक्षा स्वच्छ सिद्धान्त कोणता हवा होता?

गरमीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण उतारवयाशी तिचे नाते जवळचे आहे. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येतो. तो दुखत नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणसाला वाटते, सुटलो. मग तळहात-तळपायांवर पुरळ उठते, तेही जाते. त्यानंतर रोग शरीरात मुकाट दडून बसतो, कधी दहा, कधी तीस वर्षे. तिशीतल्या चुकीचे बिल साठीत येते: महाधमनी फुगते, नजर जाते, चाल बिघडते, स्मृती ढासळते. घरचे म्हणतात, वय झाले. त्या काळी असे म्हणण्यावाचून इलाज नव्हता. आता आहे. व्हीडीआरएल ही साधी रक्ततपासणी स्वस्त आहे, आणि विसरभोळेपणाची कारणे शोधताना ती करण्यात कुणाचाही अपमान नाही.

पॅरिसहून परतल्यावर कर्वे मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. ती मुंबई गिरण्यांची होती, आणि गिरण्यांत निम्मे कोकण राबत होते. रत्नागिरीचा तरुण बोटीने यायचा, खानावळीत जेवायचा, चाळीतल्या एका खोलीत दहाजणांत झोपायचा. बायको गावी. वर्षातून एकदा, शिमग्याला नाहीतर गणपतीला, तो घरी जायचा. शहरातला संसर्ग घाटावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांत पोचायला आणखी काही लागत नव्हते. गावी राहिलेल्या बाईला रोग कुठून आला हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती. उलट दोष तिच्याच माथी यायचा.

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी, हे ध्यानात घेतले म्हणजे मुंबईचा हा प्राध्यापक जगाच्या किती बरोबरीने चालत होता ते कळते. साधने आणि सल्ला दोन्ही तिथे मिळे. त्यांनी ‘संततिनियमन’ या विषयावर पुस्तक लिहिले, तसेच ‘गुप्तरोगापासून बचाव’ हेही लिहिले. शीर्षकातला दुसरा शब्द महत्त्वाचा आहे. प्रायश्चित्त नाही, पश्चात्ताप नाही, बचाव. हा संसर्ग कुणाला झाला, कुणापासून झाला, लग्नाच्या आत की बाहेर, याचा न्यायनिवाडा त्यांच्या लेखी आरोग्याच्या विषयात बसत नव्हता. पाण्यातून पटकी येते तेव्हा पाणी पिणाऱ्याचे चारित्र्य कुणी तपासत नाही.

त्या काळचे रबरी निरोध जाड असत, धुऊन-वाळवून पुन्हा वापरले जात. पातळ लेटेक्सचे निरोध नुकतेच येऊ लागले होते. या साधनात एक गंमत आहे. गर्भ आणि जंतू या दोघांना अडवणारे ते एकच साधन आहे. गोळ्या, तांबी, शस्त्रक्रिया या साऱ्या पुढे आलेल्या उपायांनी फक्त गर्भ थांबतो. कर्व्यांनी दोन्ही विषयांवर लिहिले, म्हणून दोन्ही कामे त्यांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी होती. पुढे सरकारी प्रचारात मात्र निरोध म्हणजे कुटुंबनियोजन एवढेच डोक्यात बसले. १९६८ मध्ये १५ पैशांना तीन या दराने ‘निरोध’ गावोगावच्या दुकानांत पोचला, तोही लाल त्रिकोणाच्या सावलीत.

याचा परिणाम आज साठीतल्या पिढीवर दिसतो. बाईची पाळी गेली किंवा दोघांपैकी एकाची नसबंदी झालेली असली, की निरोधाचे काम संपले असे सगळ्यांना वाटते. गर्भाची भीती गेली, पण जंतूला जोडप्याचे वय कळत नाही. उलट पाळी गेल्यावर संप्रेरके कमी होतात, योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे होते, आतला आम्लपणा घटतो. संबंधांच्या वेळी बारीक चिरा पडतात, आणि संसर्गाला वाट मिळते. म्हणजे तरुणपणापेक्षा धोका शरीराच्या बाजूने वाढलेलाच असतो. त्यावर कोकणातल्या घरात हमखास सापडणारा उपाय खोबरेल तेल. कोरडेपणाला ते बरे वाटेल, पण लेटेक्सच्या निरोधाला तेल लागले की रबर काही मिनिटांतच कमकुवत होऊन फाटू शकते. व्हॅसलिनचेही तेच. निरोधाबरोबर पाण्यात विरघळणारे वंगण वापरायचे. औषधाच्या दुकानात ते मिळते. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ जागेवर लावायचे इस्ट्रोजेनचे मलम देऊ शकतात.

उतारवयात नवी नाती जुळतात, हेही मान्य करायला हवे. जोडीदार जातो, माणूस पुढे वीस वर्षे जगतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष कामासाठी बाहेर, हे त्यामागचे जुने कारण अजून संपलेले नाही. निवृत्त होऊन परत आलेला चाकरमानी आणि गावी राहिलेली बायको पंचवीस-तीस वर्षांनी एका छताखाली सलग राहू लागतात, तेव्हा दोघांनीही एकदा तपासणी करून घेणे हा संशय नव्हे. रक्तदाब मोजण्याइतकीच ती साधी गोष्ट आहे. कर्व्यांच्या हिशेबात तरी ती तशीच बसली असती.

विल्सन कॉलेजला हा हिशेब पचला नाही. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रश्न उभा राहिला आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर पैशाची ओढाताण कायमची झाली. संसाराचा बराच भार मालतीबाईंच्या कमाईवर आला. त्यांचा उल्लेख दरवेळी एका ओळीत उरकला जातो, इथेही फार वेगळे होत नाही. पण त्या पगाराशिवाय पुढचे काहीच घडले नसते.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीची चित्रे असत, त्यामुळे ते घरात उघड ठेवायची सोय नव्हती. आत कामजीवन, आहार, बुद्धिवाद, वेश्याव्यवसाय असे विषय. सर्वांत जास्त वाचला जाई तो प्रश्नोत्तरांचा भाग. वाचक पत्राने आपल्या खाजगी अडचणी विचारत आणि कर्वे दोन-चार ओळींत, शास्त्राला धरून, मुलामा न चढवता उत्तर देत. उपदेश नाही, धीराच्या गोड गोष्टी नाहीत. काही उत्तरे आज वाचताना तुसडी वाटतात, आणि त्या काळच्या काही उपायांना आजचे वैद्यक मान्यता देणार नाही. जंतुनाशक पाण्याने योनी आतून धुण्याचा सल्ला तेव्हाच्या जगभरच्या पुस्तकांत सर्रास असे. आता कळले आहे की त्याने उपयोगी जंतू वाहून जातात आणि संसर्ग वाढतो. तरी प्रश्न विचारायला एक जागा होती, ही गोष्ट मोठी.

आज ती जागा साठीनंतरच्या माणसाला दवाखान्यातही सहसा मिळत नाही. डॉक्टर साखर विचारतात, झोप विचारतात, लैंगिक संबंधांबद्दल विचारत नाहीत. आजोबांना असे कसे विचारायचे, ही त्यांची अडचण. आजोबा आपणहून सांगत नाहीत. मग लघवीची जळजळ प्रोस्टेटच्या नावावर जमा होते, बाईचा अंगावरून जाण्याचा त्रास वयाच्या नावावर. वजन घटणे, सततचा थकवा, वारंवार ताप ही एचआयव्हीची लक्षणे असू शकतात हे सत्तरीतल्या माणसाबाबत सुचतच नाही, आणि निदान होते तेव्हा प्रतिकारशक्ती बरीच ढासळलेली असते. तपासणी सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत होते. औषधे २००४ पासून मोफत मिळतात, ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याच्या खाली गेला की संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. धोक्याचा संबंध घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत सुरू करायची, २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधेही आहेत. कावीळ ब ची लस मोठ्या वयातही घेता येते. समोरासमोर विचारायचा संकोच असेल त्यांच्यासाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

‘समाजस्वास्थ्य’ची प्रश्नोत्तरे सरकारच्या डोळ्यांवर आली. त्याआधीच १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन १०० रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला तो थेट वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना शंका आहेत, मासिक त्याच विषयाला वाहिलेले आहे, मग उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही. दंड झाला २०० रुपये, आणि कर्व्यांसारख्या माणसाला ती रक्कम लहान नव्हती. मासिक मात्र चालूच राहिले. रोगाची माहिती उघड छापली म्हणून गुन्हा ठरणाऱ्या त्या काळापासून आजचा कायदा बराच पुढे आला आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणीला बंदी केली आणि रुग्णाची माहिती फोडणे बेकायदा ठरवले. माहिती उघड असावी आणि माणूस झाकलेला असावा, हा फरक करायला आपल्याला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

कर्व्यांचा मूळ सिद्धान्त लोकांना सर्वांत जास्त झोंबला तो असा: संबंध हे केवळ मुलासाठी नसतात, सुखासाठीही असतात, आणि ते सुख बाईलाही तेवढेच हवे असते. तरुण जोडप्यांच्या संदर्भात त्यावर भरपूर धुरळा उडाला. पण हा सिद्धान्त खरा मानला तर त्यातून एक गोष्ट आपोआप निघते, जी गणिताच्या प्राध्यापकाला फळ्यावर लिहूनही दाखवायची गरज पडली नसती. मूल होण्याचे वय संपले म्हणून संबंध संपण्याचे कारण उरत नाही. आणि संबंध असतील तर खबरदारीही असलीच पाहिजे. वृद्धांच्या लैंगिक जीवनावर हसणारा समाज या दोन्ही वाक्यांपैकी पहिलेच नाकारतो, म्हणून दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

त्यांना साथ देणारी माणसे मोजकी होती. त्यांत एक शकुंतला परांजपे. त्यांचे वडील रँग्लर परांजपे हेही दापोलीकडच्या मुर्डीचे. शकुंतलाबाईंनी संततिनियमनाचे काम उचलले, खेड्यापाड्यांतल्या बायकांपर्यंत नेले आणि पुढे राज्यसभेतही त्या होत्या. कर्व्यांपाशी नसलेला मोकळा, मिश्कील सूर त्यांच्यापाशी होता.

१९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी गरमीच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले आणि चौघेही बरे झाले. पारा आणि सोमल यांचा जमाना तिथे संपला. आजही गरमीवर पेनिसिलिनचेच इंजेक्शन चालते, लवकर सापडली तर बहुधा एकच पुरते. परम्याने मात्र औषधांना दाद न देण्याचे धडे गिरवले आहेत, त्यामुळे दुकानदाराला विचारून गोळ्या घेण्याचे दिवस गेले. कर्व्यांच्या घरी त्या सुमारास वेगळेच चालले होते. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. मूल नाही, नोकरी नाही, पैसा नाही. साठी उलटलेला हा माणूस एकटा मजकूर लिहीत, मुद्रिते तपासत, महिन्याच्या महिन्याला अंक काढत राहिला.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. वडील तेव्हा ९५ वर्षांचे होते. ते पुढे आणखी नऊ वर्षे जगले आणि त्यांना भारतरत्न मिळाले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. २६ वर्षे चाललेल्या त्या मासिकाला पुढे संपादक मिळाला नाही.